इतर

कलिन्याला, तळमजल्यावर, देणगी विभागात
माझं टेबल खिडकीपासून दुसरं.
एकोणीस वर्षं मी कुणाचे तरी पैसे
कुणाच्या तरी मुलांच्या नावावर चढवते आहे,
दोघांची गाठ न घालता.

सगळ्यात जुनी फाईल एकोणीसशे चौतीसची.
सुंदराबाई ढाकोजी, राहणार ठाकुरद्वार,
रुपये पाच हजार, रोख,
गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीस, पुस्तकांसाठी.
आणि खाली, सहीच्या जागी,
निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची.
शाई अजून निळी आहे. रेघा मोजता येतात.
तेव्हा त्या व्याजात वर्षाची पुस्तकं यायची, वर कंपासपेटी.
आता होतात तीनशे पंचवीस.
ऑडिटवाले दरवर्षी समासात पेन्सिलीने लिहितात,
लहान निधी एकत्र करावेत.
मी दरवर्षी खोडरबर घेते.

गेल्या साली एक मुलगी आली चेक न्यायला, पार नालासोपाऱ्याहून.
येण्याजाण्यातच शंभरेक गेले असतील.
विचारलं तिने, या कोण होत्या?
मला कुठे ठाऊक. मी फाईल तिच्याकडे फिरवली.
तिने आपला अंगठा त्या ठशाशेजारी ठेवला,
ठशावर नाही, शेजारी.
म्हणाली, माझ्याहून लहान आहे.

या मंगळवारी भागोजी रेडीज आले.
वरच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं काचसामान धुतलेला माणूस.
इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक.
दोन लाख द्यायचेत, म्हणाले.
मी फॉर्म पुढे केला:
शिष्यवृत्ती, पदक, व्याख्यानमाला, इमारत, इतर.
कशासाठी?
फ्रीझरच्या बॅटरीसाठी.

मग सांगत बसले.
एका मे महिन्यात, शनिवारी रात्री लाईट गेली,
जनरेटर खोकला आणि गप्प झाला.
सोमवारी कुलूप काढलं तर दाराखालून पाणी.
माहुलच्या खाडीतला चिखल, चिखलातले तेल खाणारे जिवाणू,
शाहिस्ता मुकादमने चार वर्षं
ओहोटीच्या वेळा बघून बघून जमवलेले,
सगळे कोमट.
"पोरगी रडली नाही हो.
लेबलं पुसायला बसली, तारखेवार.
मी फडकं आणायला म्हणून गेलो
आणि मोरीपाशीच उभा राहिलो जरा वेळ."
शिष्यवृत्ती तोवर संपत आलेली.
तिने संध्याकाळी शिकवण्या धरल्या, पहाटे पुन्हा चिखल.
दोन वर्षं जास्त लागली.
"प्रबंधात आभाराच्या पानावर माझं नाव आहे.
रेडीजचं रेडकर झालंय. पण आहे."

पदक ठेवा ना, मी म्हटलं, वडिलांच्या नावाने वगैरे.
"पदकाला वीज लागते का?"
घरी विचारलंत?
"बायको म्हणाली, आपल्या फ्रीजचं दार दोरीने बांधलंय त्याचं काय?
हसलो दोघं. मग म्हणाली, द्या."

निधीचं नाव: हा रकाना रिकामा सोडता येत नाही.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग एकेक अक्षर विसळून ठेवावं तसं लिहिलं:
शनिवार-रविवार निधी.
मी 'इतर'पुढे खूण केली.
पावती त्यांनी उजेडात धरून पाहिली,
तळाशी काही राहिलंय का.

आज शुक्रवार. सहाला टेबलाला कुलूप लावलं
आणि उगाचच दोन जिने चढले.
कॉरिडॉरच्या टोकाला तो फ्रीझर, कपाटाएवढा,
एकसुरी घुमतोय. दारावर कुणाच्या तरी हस्ताक्षरात:
उघडू नये, आत माझी तीन वर्षं आहेत.
खाली नाव दुसऱ्याच मुलीचं.

बॅटरीला अजून तीन सह्या, एक निविदा,
आणि ऑडिटचा एक शेरा बाकी आहे.
तोवर या दोन रात्री
लाईट जाऊ नये.